शाळेच्या भिंतीवर तीन हजार वर्षं

गावातल्या जुन्या खुणा शाळा, पोळा, दंडार (पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं लोकनाट्य) यांतून लोकांपुढे कशा आणाव्यात, यावर बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले, लांबलेली पत्रं थोडी कापली.

प्रश्न : स.न.वि.वि. मुलगी इंग्लंडात असते. तिकडच्या गावात शाळेची पोरं लाकडी ढाली रंगवून, कापडावर भरतकाम करून 'अँग्लो-सॅक्सन' लोकांचा इतिहास साजरा करतात, असं ती सांगते. हे लोक कोण? आणि आपल्या गावात तसं काही जमेल काय? आपल्याकडे ना किल्ला, ना लेणी.
— एक निवृत्त ग्रामसेवक, मंगरूळपीर तालुका

उत्तर : रोमन फौजा इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटन सोडून गेल्या. पुढे आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून अँगल, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या येऊन तिथे वसल्या. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, तोवरची साडेसहाशे वर्षं म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळ. घरं लाकडाची, छपरं गवताची. रोमनांचे रस्ते राहिले, नॉर्मनांचे दगडी किल्ले राहिले आणि मधल्या या लोकांची बोळवण 'अंधारयुग' एवढ्या एका शब्दात झाली. सफक परगण्यातल्या सटन हू इथे १९३९ साली एडिथ प्रेटी यांच्या जमिनीतला उंचवटा बेसिल ब्राउन यांनी उकरला, तेव्हा आत २७ मीटर लांबीची नाव निघाली. खरं तर नाव नव्हतीच. लाकूड पार कुजून गेलेलं, वाळूत तिचा ठसा उरलेला आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा जागच्या जागी.

आता तुमच्या जिल्ह्यातलं १९३९ साल बघा. वाशिमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट त्याच साली उजेडात आला. वाकाटक राजघराण्याची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे वाशिम इथून राज्य करत होती, हे त्या पत्र्यांमुळे पक्कं झालं. तुमच्याच तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, तोही १९३९ सालीच. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाशिमच्या हरिषेण राजाचा सचिव होता. लेणं पाहायला बसा भरून जातात, पण राजा वाशिमचा हे वाशिमच्या बसस्टँडवर विचारून पाहा किती जणांना ठाऊक आहे. तेव्हा 'आपल्याकडे काही नाही' हे आधी खोडून टाका.

इंग्लंडकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वेस्ट स्टो या जागी १९६५ ते १९७२ उत्खनन झालं आणि मग मिळालेल्या खड्ड्यांच्या मापांवरून तिथेच लाकडाची, गवताची घरं पुन्हा उभारली. कुडाचं घर बांधणारी शेवटची पिढी आपल्या गावांत अजून आहे, तेव्हा हे काम आपल्याला सोपं जाईल. दुसरी गोष्ट गावांची नावं. तिकडे नावाच्या शेवटी 'हॅम' म्हणजे घरवस्ती, 'टन' म्हणजे वाडी, 'ली' म्हणजे रानातली मोकळी जागा, असं पोरांना शाळेत उलगडून दाखवतात. आपल्या नावांबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नका, ती म्हणजे धातुशोधक यंत्र. इंग्लंडात जमीनमालकाच्या परवानगीने ते चालवता येतं आणि सापडलेल्या ऐवजाबद्दल १९९६ च्या कायद्याने बक्षीसही मिळतं. २००९ साली स्टॅफर्डशरच्या एका शेतात असेच सोन्याचांदीचे साडेचार हजारांवर तुकडे निघाले. आपल्याकडे कायदा वेगळा, आणि त्याहून मोठी अडचण गुप्तधनाच्या वेडाची. कार्यक्रमाच्या पत्रिकेत, फलकावर, व्हॉट्सॲपवर 'खजिना' आणि 'सोनं' हे शब्द चुकूनही नकोत. एका शब्दापायी रातोरात टेकाडाला भोक पडतं.

प्रश्न : आमच्या गावची पांढरी (जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती) लोक ट्रॉलीनं शेतात नेऊन टाकतात. यंदा एका पोट्ट्याले तिथं हिरवं पडलेलं नाणं भेटलं. चिंचेनं घासाव काय? कोणाले सांगाव लागते?
— सरपंच, दर्यापूर तालुका

उत्तर : घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच नको. तांब्याच्या नाण्यावरचा तो हिरवा थर म्हणजे नाण्याचाच गंजलेला पृष्ठभाग असतो, आणि अक्षरं बहुतेक वेळा त्या थरातच उरलेली असतात. आंबट लावलं की नाणं लखलखीत होतं आणि कोरं होतं. माती सैल असेल तर ती मऊ कोरड्या ब्रशने झटका, तेवढंच. नाणं सुती कापडात गुंडाळून काडेपेटीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि गंज वाढतो.

त्याच दिवशी चिठ्ठी लिहा : गट नंबर, पांढरीच्या कोणत्या बाजूला, वरून किती हात खाली, तारीख, शेजारी आणखी काय होतं. फोटो दोन्ही बाजूंचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, मात्र काट्यावरून उचलताना त्याला घासू देऊ नका. सोनाराचा हात सवयीने कसोटीकडे जातो.

आता कायदा. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख, एवढं त्यात हवं. न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतली नाही तर पुढे पोराच्याच मागे शुक्लकाष्ठ लागतं.

पांढरीचं म्हणाल तर शेतकऱ्याचं गणित चुकीचं नाही. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, हाडं आणि पडलेल्या भिंती थरावर थर बसून ती माती झालेली असते. राखेतला चुना आणि हाडांतला फॉस्फरस पिकाला मानवतो. पण खापर थरात असेल तरच त्याचा काळ सांगता येतो. ट्रॉलीत पडलं की ते नुसतं खापर. ग्रामसभेत ठराव घ्या : अमुक गटातली पांढरी उचलायची नाही, हद्दीला चार दगड रोवायचे, आधीच कापला गेलेला उभा कडा तसाच ठेवायचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चारपैकी एखाद्या सभेत विषय घ्या. विषयपत्रिकेत आधी नाव नसेल तर ऐनवेळी कुणीतरी हरकत घेतोच.

कडा राखला की तोच पोरांचा फळा होतो. तोडायचं नाही, फक्त पाहायचं. वरच्या थरात कवेलूचे (कौलांचे) तुकडे दिसतील, ते अलीकडचे. खाली सव्वा ते दीड फूट लांबीची वीट दिसली तर थांबा, आजची वीट नऊ इंचांची असते. एवढी मोठी वीट सातवाहन-वाकाटक काळाकडे बोट दाखवते. आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं असं खापर त्याहूनही मागे जाऊ शकतं. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही, म्हणून आतली बाजू काळी राहते.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेची लांब भिंत रिकामी आहे. तिच्यावर गावचा इतिहास रंगवायचा विचार आहे. पेंटर म्हणतो शिवाजी महाराज, ताजमहाल आणि सूर्योदय काढतो. काय काढावं, किती रंग लागेल?
— एक शिक्षिका, सेलू तालुका, वर्धा

उत्तर : ताई, पेंटरला आधी मोजपट्टी द्या, ब्रश मग. एक फूट म्हणजे शंभर वर्षं असं प्रमाण धरा. नागपूरलगत काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांपासून सुरुवात केली, म्हणजे इसवी सनापूर्वी हजार, तर आजपर्यंत तीस फूट तीन इंच होतात. एकतीस फूट भिंत हवी.

मापं अशी पडतात. शून्यावर शिळावर्तुळं. तीन फुटांवर पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडची लोखंड गाळायची भट्टी. सात-आठ फुटांच्या मध्ये पवनीचा स्तूप. साडेबारा ते पंधरा फूट वाकाटक. साडेबावीस फुटांच्या पुढे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री आणि त्याच सुमाराला रिद्धपूरचे महानुभाव गोविंदप्रभू. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं ते अठ्ठावीस फूट सहा इंचांवर, १८५४ साली. स्वातंत्र्य एकोणतीस फूट साडेपाच इंचांवर. म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं सगळं, नळयोजना, वीज, शाळेची इमारत, मोबाईल, जेमतेम साडेनऊ इंचांत बसतं. पोरं आपल्या वितीने ते साडेनऊ इंच मोजतात, मग पळत दुसऱ्या टोकाला जातात. दुसरं काही समजावावं लागत नाही.

इथेच पहिली चूक होते. शेवटच्या फुटात सगळे घुसतात. १९७२ चा दुष्काळ, शाळेची स्थापना, पहिला ट्रॅक्टर, सरपंचांचं नाव, सगळ्यांना तिथेच जागा हवी असते. म्हणून खाली दुसरी पट्टी काढा. एक फूट म्हणजे दहा वर्षं, शेवटच्या शंभर वर्षांसाठी दहा फूट. भांडण तिथे मिटतं. दुसरी चूक म्हणजे रिकामी जागा बघवत नाही म्हणून काहीतरी भरणं. पंधरा ते साडेबावीस फुटांत तुमच्या पंचक्रोशीतलं काही ठाऊक नसेल तर तो भाग नुसत्या मातीच्या रंगाचा राहू द्या. पाच वर्षांनी एखादी मूर्ती, एखादा लेख कळला की तिथे चढेल. मधोमध सहा इंचांची वेगळी पट्टी इंग्लंडची काढलीत तर वरच्या पत्रातल्या काकांच्या मुलीलाही फोटो पाठवता येईल : अँग्लो-सॅक्सन चौदा फूट एक इंचाला सुरू, वीस फूट आठ इंचांना संपले. वाकाटक संपायच्या आधीच ते सुरू होतात, हे नजरेला लगेच दिसतं.

आता रंग. पट्टा जमिनीपासून दीड फूट वर घ्या, नाहीतर वळचणीचं पाणी उडून पहिल्याच पावसात खालची ओळ जाते. उंची चार फूट धरा, म्हणजे एकतीस गुणिले चार, १२४ चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर दीड लिटर. बाहेरचा इमल्शन, दोन हात, अडीच ते तीन लिटर, फिकट मातकट. चित्रांसाठी स्टेनर : काळा, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड यांच्या शंभर मिलीच्या बाटल्या, निळा आणि हिरवा पन्नास मिली पुरे. भडक लाल आणि गुलाबी स्टेनर पश्चिमेच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत उडतो. ऑक्साइडचा तांबडा टिकतो, गेरूच तो. वरून वार्निश मारू नका, पिवळं पडून पापुद्रे सुटतात.

भिंत कधी रंगवायची? रात्री एक फूट चौरस प्लास्टिक चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा. सकाळी आतून दव दिसलं तर ओल आहे, थांबा. पावसाळा संपल्यावर लगेच घाई केली की दिवाळीपर्यंत पोपडे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर बहुतेक भिंती तयार होतात. अक्षरं दीड इंचाहून लहान नकोत. आणि रेषा पोरांना मारू द्या. गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधून सोडली की सरळ रेघ उमटते.

प्रश्न : पाचवी-सहावीच्या तीस मुलांना हातानं करता येईल असा वाकाटकांवरचा काही उपक्रम सांगा. खर्च कमी हवा.
— शिक्षक, पारशिवनी तालुका

उत्तर : मुद्रा करा. तुमच्यापासून जवळ, रामटेक तालुक्यात नगरधन, म्हणजेच वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथे अलीकडे झालेल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला, वर शंख आणि खाली ब्राह्मी अक्षरं. मालाच्या गाठोड्याला किंवा पत्राला दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा बसवायचा आणि त्यावर शिक्का दाबायचा. गाठ सोडली तर ठसा फुटतो. अशा ठशांच्या पाठीवर दोरीची खूण राहते, म्हणून अभ्यासक पुढची बाजू वाचून झाली की पाठ उलटून बघतात. मुलांनाही तेच करायला लावा.

साहित्य : कपडे धुण्याच्या ताज्या साबणाच्या पंधरा वड्या, प्रत्येकीचे दोन तुकडे. दाभण किंवा कंपासचं टोक. बटर पेपर. कुंभाराकडची मळलेली माती दोन किलो, तीत पाव किलो चाळलेली बारीक वाळू. थोडी चाळलेली राख आणि सुतळी.

शेतातली काळी माती वापरू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना इतकी आकसते की ठसा दुसऱ्या दिवशी चिरतो. भेगाळलेलं रान उन्हाळ्यात सगळ्यांनीच पाहिलं आहे, तेच छोट्या गोळ्यात होतं.

मुलाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि एक खूण, बैल, शंख, मोहाचं फूल, काहीही, बटर पेपरवर काढायची. कागद उलटा करून साबणावर ठेवायचा आणि दाभणाने टोचत उतरवायचं. हे उलटं करणं विसरलं की ठशात 'क' आरशातला येतो. निम्म्या वर्गाचं असं होतंच आणि होऊ द्यावं, कारण मुद्रा कोरणारा कारागीर उलटं लिहायला शिकलेला होता ही गोष्ट तेव्हाच डोक्यात शिरते. अक्षर दोन-तीन मिलिमीटर खोल हवं. त्याहून उथळ असेल तर ठसा पुसट येतो, फार खोल झालं तर साबणाचा टवका उडतो. साबण जुना, वाळका असेल तर भुगाच होतो.

लिंबाएवढा गोळा गाठीवर बसवा, साबणाच्या शिक्क्यावर राख भुरभुरवा, एकदाच सरळ दाबा आणि सरळ उचला. राख विसरली तर माती चिकटून येते. दाबताना हलवलं तर दोन ठसे एकावर एक पडतात. सावलीत चार दिवस वाळवा. भाजायचं असेल तर कुंभाराच्या भट्टीत, पण पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन गोळा फुटतो.

अक्षर वाकाटकांच्या वळणाचं करायचं असेल तर सोपी युक्ती आहे. त्यांच्या ताम्रपटांवर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक बारीक चौकोन असतो, जणू डबी ठेवली आहे. म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. देवनागरीत जिथे शिरोरेघ येते तिथे चौकोन काढा.

मोठ्या मुलांसाठी पुढचा टप्पा. वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याच्या मुद्रेवर मजकूर आहे : 'वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः। राज्ञः प्रवरसेनस्य शासनं रिपुशासनम्॥' त्याच्या आईच्या, प्रभावतीगुप्तेच्या पुण्यात मिळालेल्या ताम्रपटावर बाकी ओळ तीच, फक्त 'राज्ञः प्रवरसेनस्य' च्या जागी 'जनन्या युवराजस्य', युवराजाच्या आईचं. दोन्ही ओळी फळ्यावर लिहा आणि काय बदललं ते मुलांना शोधू द्या. राजा लहान होता, आई कारभार पाहत होती, हे मुलं दोन शब्दांवरून स्वतः सांगतात.

प्रश्न : याच प्रभावतीगुप्तेवर दंडार बसवाची आहे. मंडळात वीस जण आहेत. पोशाख सीरियलमधल्यासारखा भाड्यानं आणाव का? राणीनं शुद्ध बोलाव का झाडीबोलीत?
— एक मंडळ, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : झाडीबोलीत. तिच्या काळात आजची प्रमाण मराठीही नव्हती, तेव्हा शुद्ध-अशुद्धाचा वादच नाही. वाशिमच्या ताम्रपटाचा बराच भाग प्राकृतात आहे आणि प्रवरसेनाच्या नावावर असलेलं 'सेतुबंध' हे काव्यही प्राकृतातच. लोकांच्या बोलीचं या घराण्याला वावडं नव्हतं.

भाड्याचा मुकुट आणि मखमल नको. न शिवलेलं सुती वस्त्र, मण्यांच्या माळा, हातात जाड कडी, एवढं पुरे. मण्यांची तर आपल्याकडे जुनी परंपरा, नागपूरजवळच्या माहूरझरीला ते घडवत असत. जेवणाच्या प्रसंगात मिरची, टोमॅटो, बटाटा, मका दाखवू नका. हे सगळं पोर्तुगीजांच्या मागून, पंधराव्या शतकानंतर आलं. भिवापूरच्या मिरचीचा कितीही अभिमान असला तरी राणीच्या ताटात ती नाही. भात, तीळ, जवस, मोहाची फुलं चालतील. तोंडात तंबाखू तर मुळीच नको, मागच्या रांगेतल्या सोंगाड्यालाही सांगून ठेवा.

गोष्ट रडकी करू नका. नवरा रुद्रसेन गेला, मुलं लहान, एवढ्यावरच लेखक थांबतात आणि राणीला पहिल्या प्रवेशापासून पदर डोळ्याला लावून उभी करतात. तिचा ताम्रपट वेगळंच सांगतो. पुण्याच्या ताम्रपटात ती आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ देते, चंद्रगुप्त दुसरा हा आपला बाप असं ठणकावते, गोत्रही माहेरचं लावते. दरबारातल्या एखाद्या जुन्या माणसाला हे खटकलं असेल, तो सवाल-जवाब दंडारीत रंगतो.

दुसरा प्रवेश तिच्या मुलाच्या काळातला घ्या. अचलपूर तालुक्यातल्या चम्मकचा ताम्रपट, प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षाचा. चर्मांक गाव, आठ हजार भूमी (भूमी हे जमिनीचं माप), हजार ब्राह्मणांना दिली. ती माफी वाचली की कळतं काय काय माफ होतं : सैनिक गावात शिरणार नाहीत, बैल द्यायचे नाहीत, फुलं-दूध द्यायचं नाही, आसनासाठी कातडं नाही, कोळसा नाही, मीठ खणून द्यायचं नाही. उलटं वाचा. ज्या गावांना माफी नव्हती, त्यांना हे सगळं द्यावं लागत होतं. दवंडीवाला यादी वाचतो आणि शेजारच्या गावचा माणूस प्रत्येक ओळीला 'अन् आमचं?' म्हणून विचारतो, एवढ्यावर पंधरा मिनिटांचा प्रवेश उभा राहतो. शेवटी अटी येतात : दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावाला त्रास द्यायचा नाही, नाहीतर दान परत. तिथे टाळ्या पडतात.

एकूण पाऊण तास. रात्रभराचं नाटक ज्यांना हवं त्यांना झाडीपट्टीत ते मिळतंच.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला पोरांची लाकडी बैलांची स्पर्धा असते. त्यात इतिहास घालता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्य, उमरेड तालुका

उत्तर : झडती (पोळ्याला म्हणायचं गाणं) घाला, भाषण नको. चार ओळी, ठेका पक्का, शेवटी नेहमीचा गजर. सजावटीला दहा गुण असतील तर गावातल्या खऱ्या जागेचं नाव असलेल्या झडतीला दहा. नमुना :

टेकाडावर टेकाड, टेकाडाच्या पोटात खापर,
खापर म्हणे धन्याले, हळू चालव वखर,
वखराले लागली वीट, वीट हातभर लांब,
सांग गा बैला घर कोनाचं, घटकाभर थांब!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

आठ दिवस आधी पोरांना ती जागा दाखवून आणा. न पाहता लिहिलेल्या झडतीत पांढरीवर हत्ती आणि तोफा येतात.

प्रश्न : विहिरीजवळ एक कोरीव दगड पडला आहे, वर शेंदराचा जाड थर. खरवडून साफ करावा का?
— वाचक, आर्णी तालुका

उत्तर : नाही. दगडाच्या वरच्या पापुद्र्यासकट कोरीव काम निघून येतं, शिवाय लोकांची श्रद्धा दुखावते ते वेगळं. उचलून देवळात नेऊन सिमेंटात बसवूही नका. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटून, अगदी तिरपी धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. दुपारच्या उन्हात सपाट दिसणारी तलवार, घोडा, चंद्र-सूर्य त्या तिरप्या उजेडात वर येतात. खडूने अक्षरं भरू नका, तेल-पाणी लावू नका. धुणं आपटायला दुसरा दगड द्या.

प्रश्न : जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला आणि संग्रहालय दिन १८ मेला असतो. वारसा फेरी कोणत्या दिवशी काढावी?
— मुख्याध्यापक, चिमूर तालुका

उत्तर : दोन्ही दिवशी नको. त्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि मे महिन्यात तर शाळेला सुट्टी. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह बरा, पण तुमच्या भागात तेव्हा धानाची कापणी-बांधणी आणि पश्चिमेकडे कापसाची वेचणी. आईबाप येणार नाहीत. पौषातला एखादा रविवार, सकाळी आठ ते अकरा. फेरी दोन किलोमीटरहून लांब नको. पाणी वाटेत दोन ठिकाणी ठेवा, एका ठिकाणी ठेवलं तर सगळी फेरी तिथेच संपते.

प्रश्न : गावच्या नावांचा अभ्यास मुलांकडून कसा करून घ्यावा?
— ग्रंथपाल, लाखनी तालुका

उत्तर : गावाच्या नावापासून सुरुवात करू नका. तिथे प्रत्येकाकडे तयार दंतकथा असते आणि ती रामायण-महाभारताखाली उतरत नाही. शेतांच्या नावांपासून करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या, ती चौपट मोठी करून जुन्या चादरीवर उतरवा. मुलांनी आजोबा-आजीला विचारून प्रत्येक बांधाचं, नाल्याचं, बोडीचं (लहान तळ्याचं), झाडाचं तोंडी नाव त्यावर लिहायचं. पन्नास-साठ नावं सहज जमतात. मग नाव कशावरून पडलं ते चार रंगांच्या दोऱ्यांनी भरा : पाणी, झाड-प्राणी, माणूस-जात, जुनी वस्ती. टाका आजींचा, दोरा मुलांचा. इंग्लंडातल्या पोरांचं भरतकाम वर आलंच आहे, हे आपलं.

जुन्या वस्तीचा रंग सगळ्यात मोलाचा. 'रिठी' हा शब्द कुठे लागतो ते बघा. सातबाऱ्यावर मौजाच्या नावापुढे रिठी असेल तर तिथे एके काळी गाव होतं आणि उठलं. तुमच्या बाजूला मालगुजारी होती, तेव्हा तलाठ्याकडे निस्तार पत्रक मागा. मामा (माजी मालगुजारी) तलाव, गुरांची वाट, स्मशान, सरपणाचं रान यांची जुनी नावं त्यात मिळतात. नाव ऐकलं तसंच लिहायचं हे मुलांना दहादा सांगा. 'खापरखेडं' ऐकून 'कापूरखेडे' लिहिणारा एक हुशार विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. तो शुद्ध करतो आणि खापर जातं. चादरीच्या मागच्या बाजूला प्रत्येक नावाच्या खाली, ते कोणाच्या तोंडून आलं, त्यांचं वय आणि मोहल्ला पक्क्या शाईने लिहून ठेवा.